भुलीची जुनी उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झाल्यापासून मी भूल देण्याची जुनी उपकरणं जमवतो आणि शाळा-कॉलेजांत नेऊन दाखवतो. दाखवून झाल्यावर जे प्रश्न येतात, आणि नंतर पत्रांतून, फोनवरून जे पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. भूल देण्याचं पहिलं उपकरण कोणतं? ते दिसायचं कसं?

साधारण नारळाएवढा काचेचा गोळा आणि त्याला दोन तोंडं. एका तोंडातून हवा आत जायची. दुसऱ्याला बसवलेली नळी रुग्णाने ओठांत धरायची. गोळ्यात इथरने, म्हणजे ज्याची वाफ हुंगली की बेशुद्धी येते अशा पटकन उडणाऱ्या द्रवाने, भिजवलेला स्पंज. रुग्णाने नळीतून श्वास ओढला की बाहेरची हवा स्पंजावरून जाताना इथरची वाफ सोबत घ्यायची. नाक चिमटीत धरावं लागे, नाहीतर तो साधी हवाच घेत राही. सोडलेला श्वास परत गोळ्यात जाऊ नये म्हणून ऑगस्टस गूल्ड यांच्या सूचनेवरून त्यात झडपा आल्या.

हे उपकरण विल्यम मॉर्टन या बॉस्टनच्या दंतवैद्याचं. 16 ऑक्टोबर 1846 रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जॉन कॉलिन्स वॉरन हे सर्जन गिल्बर्ट ॲबट या तरुणाच्या मानेवरची गाठ काढणार होते. मॉर्टन उशिरा पोहोचला, कारण कारागिराच्या हातून उपकरण सुटत नव्हतं. त्या दिवशी भरलेल्या सभागृहाने पहिल्यांदा चाकू चालताना आरडाओरडा ऐकला नाही. ते सभागृह आजही ‘इथर डोम’ याच नावाने ओळखलं जातं.

2. म्हणजे जगातली पहिली भूल मॉर्टननेच दिली?

नाही. जॉर्जिया राज्यातल्या जेफरसन गावी क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने 30 मार्च 1842 रोजीच जेम्स व्हेनेबल याला टॉवेलवरून इथर हुंगवून मानेची गाठ काढली होती. पण त्याने ते छापलं 1849 मध्ये. हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स याने डिसेंबर 1844 मध्ये नायट्रस ऑक्साइड हा गुंगी आणणारा वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढच्याच महिन्यात बॉस्टनला त्याने जाहीर प्रयोग केला, तेव्हा वायूची पिशवी लवकर बाजूला झाली, रुग्ण ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली. जपानचे हानाओका सेइशू यांनी तर 1804 मध्येच पोटातून औषध देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. त्या औषधात धोतरा आणि बचनाग होते, म्हणजे आपल्याकडच्या वैद्यांच्याही ओळखीच्या वनस्पती.

तरीही 16 ऑक्टोबर हा दिवस जगभर पाळला जातो, कारण बॉस्टनची बातमी जहाजाने निघाली आणि काही महिन्यांत ठिकठिकाणी लोक तेच करू लागले. मला यात अन्याय वाटत नाही. हळहळ वाटते ती वेल्सची. त्याची कल्पना बरोबर होती, पण पिशवी कधी काढायची हे सांगणारं काहीही त्याच्या हाताशी नव्हतं. 1848 मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीव दिला.

3. आपल्या सुश्रुताने हे सगळं आधीच केलं होतं ना?

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रुग्णाला जेवू घालावं आणि ज्याला वेदना सोसवत नाहीत अशा मद्य पिणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजावं असं सांगितलं आहे. वेदनेचा विचार इतक्या आधी झाला होता ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण पोटातून दिलेलं औषध एकदा गेलं की गेलं. ते कमी-जास्त करता येत नाही. श्वासातून दिलेली भूल नळी बाजूला केली की उतरू लागते. पुढची सगळी उपकरणं या फरकावर उभी आहेत. (आणि आज ऑपरेशनआधी जेवणाला सक्त मनाई असते. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते, म्हणून.)

4. रुमालावर औषध टाकून काम भागत होतं, तर उपकरण हवं कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा, म्हणून उत्तर लांब आहे.

एडिनबरोचे जेम्स यंग सिम्प्सन यांना 4 नोव्हेंबर 1847 च्या रात्री, स्वतःवर आणि दोन सहकाऱ्यांवर प्रयोग करताना, क्लोरोफॉर्म या दुसऱ्या द्रवाचा भूल आणण्याचा गुण सापडला. त्यांचं म्हणणं असं की उपकरण नकोच, रुमाल पुरे. क्लोरोफॉर्मचा वास गोडसर, थोडं पुरतं, रुग्ण पटकन झोपतो. वर्षभरात बॉस्टनचे काचेचे गोळे मागे पडले आणि रुमाल सगळीकडे पोहोचला.

28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमध्ये न्यूकासलजवळ हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना कापडावरच्या क्लोरोफॉर्मने गेली. काही मिनिटांत. क्लोरोफॉर्मच्या भुलीने झालेला नोंदीतला पहिला मृत्यू तो हाच. त्याआधी तिला इथर देऊन एक नख काढलं होतं, तेव्हा ती सुखरूप होती.

रुमालावर किती थेंब पडले हे मोजता येतं. श्वासात किती वाफ गेली हे मोजता येत नाही. रुमाल नाकाला जवळ धरला, खोली गरम असली, मुलगी घाबरून भराभर श्वास घेऊ लागली की तेवढ्याच थेंबांची वाफ कितीतरी दाट होते. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी उपकरणं बनवली. प्रश्न 6 आणि 7 त्यांच्याबद्दल आहेत.

5. इथर आणि क्लोरोफॉर्म यांत फरक काय?

इथर उग्र वासाचं, खोकला आणणारं, हळूहळू चढणारं, आणि ठिणगी पडली तर पेट घेणारं. पण श्वास आणि हृदय दोन्ही ते बराच वेळ सांभाळतं, म्हणून शिकाऊ हातातही ते क्षमा करायचं. क्लोरोफॉर्म लवकर चढतं, पेटत नाही, पण गरजेपुरती मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं. शिवाय थिएटरात गॅसचे दिवे असले तर ज्वाळेवर त्याची वाफ फुटून फॉस्जीनसारखे विषारी वायू व्हायचे आणि सर्जनसकट सगळे खोकू लागायचे.

6. जॉन स्नो म्हणजे कॉलऱ्याच्या पंपाचा तोच?

तोच. 1854 मध्ये कॉलऱ्याच्या साथीत, दूषित पाणी थांबवायला, लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं हँडल ज्यांच्या सांगण्यावरून काढलं, ते जॉन स्नो पोटापाण्यासाठी भूल देत. त्यांचं खरं रोजचं काम हेच.

1847 सालीच त्यांनी ओळखलं की काचेच्या गोळ्यांत एक मूळ दोष आहे. माठातलं पाणी जसं बाष्प होताना गार पडतं, तसंच इथर उडताना स्वतःला आणि भांड्याला थंड करतं. थंड इथरची वाफ कमी निघते. म्हणजे ऑपरेशन मध्यावर आलं की रुग्ण जागा होऊ लागायचा आणि नेमकं का ते कुणाला कळायचं नाही. स्नोंनी पत्र्याच्या गोल डबीत नागमोडी वाट केली, हवा त्या वाटेने इथरवरून फिरवली आणि ती डबी ठरावीक तापमानाच्या पाण्यात बसवली. पाणी उष्णता पुरवत राही आणि वाफेचं प्रमाण टिके. नागमोडी वाटेची कल्पना ज्युलियस जेफ्रीज यांच्या उपकरणावरून घेतलेली. हे जेफ्रीज कंपनी सरकारच्या नोकरीत भारतात राहिलेले डॉक्टर. भूल किती खोल आहे याच्या पाच पायऱ्याही स्नोंनी लक्षणांवरून बांधल्या.

माझ्याकडे या डबीची एका कारागिराकडून करून घेतलेली प्रतिकृती आहे. झाकण उघडून मुलांना आतली वाट बोटाने फिरून पाहायला सांगतो. बोट बाहेरून आत पोहोचायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ हवा इथरच्या सोबत असते. हे कळलं की डोळे बदलतात मुलांचे.

7 एप्रिल 1853 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात, प्रिन्स लिओपोल्डच्या जन्मावेळी, स्नोंनीच क्लोरोफॉर्म दिलं. मात्र तिथे त्यांनी उपकरण वापरलं नाही. रुमालावर थोडं थोडं दिलं, 53 मिनिटं. ज्या माणसाला मात्रेची इतकी जाण होती, त्याच्या हातातला रुमाल वेगळा होता. राणीला हलकी भूल हवी होती, पूर्ण बेशुद्धी नव्हे.

7. एका जुन्या फोटोत एक माणूस खांद्यावरून भलीमोठी पिशवी टाकून रुग्णाची नाडी पाहतो आहे. तो कोण?

जोसेफ क्लोव्हर. 1862 चं त्यांचं क्लोरोफॉर्मचं उपकरण म्हणजे ती पिशवी. भात्याने मोजून हवा घ्यायची, मोजलेलं क्लोरोफॉर्म गरम भांड्यावर उडवायचं आणि दोन्ही पिशवीत भरायचं. प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आत. रुग्ण कितीही जोरात श्वास घेवो, त्याहून दाट वाफ त्याच्या वाट्याला येणारच नाही. तेव्हाच्या काळात याइतका साधा आणि पक्का विचार दुसरा मला दिसत नाही. नाडीवरचं बोटही नीट पाहा. क्लोव्हर भूल देताना ते हलू देत नसत. 1873 मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या मूत्राशयातला खडा फोडताना भूल त्यांनीच दिली होती. त्यांचा इथरसाठीचा छोटा, गोल, हातात मावणारा इनहेलर 1877 चा. तो नंतर अनेक दशकं चालला.

8. आजोबा डॉक्टर होते. त्यांच्या पेटीत चहाच्या गाळणीसारखी, पण बिजागरी असलेली तारेची जाळी सापडली. ती कशाची?

जवळजवळ नक्की शिमेलबुश मास्क. जर्मन सर्जन कुर्ट शिमेलबुश यांच्या नावाचा, 1890 च्या सुमाराचा. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांच्या पेट्यांत सर्वांत जास्त हाच सापडतो. ओळखायची खूण म्हणजे खालच्या कडेला फिरलेली पन्हळ. गॉजवरून ओघळलेला थेंब त्या पन्हळीत अडतो, गालावर पडून कातडी भाजत नाही. बिजागरीची वरची कडी उघडायची, गॉजचे पदर ताणून बसवायचे, कडी मिटायची. पन्हळ नसलेली, साधी, घडी होणारी चौकट असेल तर ती लिव्हरपूलच्या थॉमस स्किनर यांच्या 1862 च्या मास्कची जात असू शकते.

मी शिकत होतो तेव्हा ग्रामीण रुग्णालयात याच जाळीवर इथर दिलं आहे. आधी चेहऱ्याला व्हॅसलीन, डोळ्यांवर ओला गॉज, मग जाळी नाकावर किंचित उचलून धरायची आणि बाटलीच्या बुचातल्या खाचेतून एक एक थेंब. सुरुवातीला दर काही सेकंदांनी एक, मग हळूहळू भरभर. रुग्ण गुदमरला, खोकला की थांबायचं. पंधरा-वीस मिनिटांत गॉजवर श्वासातल्या ओलाव्याचा पांढरा बर्फ धरायचा आणि तो बर्फ दिसला की गॉज बदलायचा. घरी गेल्यावर आई दारातूनच विचारायची, “आज इथर होतं का रे?” कपड्यांचा वास दोन दिवस जात नसे.

9. अचूक उपकरणं 1847 आणि 1862 मध्येच होती, मग शंभर वर्षांनंतरही जाळी का वापरत होते?

जाळी स्वस्त, खिशात मावणारी, न बिघडणारी. क्लोव्हरची पिशवी भरायला वेळ, जागा आणि डोकं शांत असलेला माणूस लागे. बहुतेक ठिकाणी भूल द्यायला वेगळा माणूसच नसायचा. हाताशी असेल तो विद्यार्थी, कंपाउंडर किंवा नर्स ते काम करी. इथरपुरतं हे चाललं, कारण इथर चुका पोटात घालतं (प्रश्न 5). क्लोरोफॉर्मच्या बाबतीत मात्र त्याची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली आणि ती मोजायची गरज नव्हती, हे मी स्पष्टच म्हणतो. ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन हारकोर्ट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन टक्क्यांवर न जाणारा क्लोरोफॉर्म इनहेलर बनवला, तोही थोड्याच हातांत गेला.

10. सिनेमात नाकावर रुमाल दाबला की माणूस क्षणात कोसळतो. खरंच होतं का?

नाही. दमाने श्वास घेणाऱ्या, सहकार्य करणाऱ्या रुग्णालाही काही मिनिटं लागत, आणि तोवर तो हातपाय झाडत असे. जॉन स्नो यांनी स्वतः 1851 च्या सुमारास हा समज खोडून काढला होता, कारण क्लोरोफॉर्मने लुटणाऱ्यांसाठी तेव्हा इंग्लंडमध्ये वेगळा कायदा येत होता. जबरदस्तीने दाबलेला रुमाल झोप आणण्याआधी जीव घेऊ शकतो. कृपया याची नक्कल कुणी गमतीतही करू नये.

11. भारतात भूल कधी आली?

22 मार्च 1847 रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात डॉ. ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली इथर दिलं गेलं. बॉस्टननंतर पाच महिन्यांत, आणि तेही जहाजाने बातमी येण्याच्या काळात. क्लोरोफॉर्म पुढच्या वर्षीच्या जानेवारीत पोहोचलं. त्याआधी जेम्स एस्डेल हे हुगळीला संमोहनाने बेशुद्ध करून मोठमोठ्या गाठी काढत होते. इथर आल्यावर ते मागे पडलं.

आपल्या हवेचा यात मोठा हात आहे. इथर 35 अंशांच्या आतबाहेर उकळतं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात बाटली उघडली की इथर गॉजवर टिकण्याआधीच उडून जाणार. क्लोरोफॉर्म 61 अंशांना उकळतं, म्हणून उष्ण मुलखात डॉक्टरांचा ओढा तिकडे राहिला. पुढे 1950 च्या दशकात ऑक्सफर्डहून ‘ईएमओ’ हे इथरचं उपकरण आलं. त्यात तापमानाप्रमाणे वाफेचं प्रमाण आपोआप सांभाळलं जाई आणि सिलिंडरची गरज नसे. तालुक्याच्या दवाखान्यांना आणि लष्कराला ते वरदान ठरलं. ते आतून उघडून पाहिलं तर स्नोंच्या पाण्याच्या डबीचा (प्रश्न 6) वंशज सहज ओळखू येतो.

12. निजामाने क्लोरोफॉर्मवर आयोग नेमला होता हे खरं का?

खरं. आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने ही गोष्ट आपल्याही घरची आहे. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिनबरोच्या परंपरेतले. क्लोरोफॉर्म हृदयाला नव्हे, श्वासाला आधी थांबवतं; श्वासावर लक्ष ठेवलं तर मृत्यू होणारच नाही, असं त्यांचं ठाम मत. 1888 चा पहिला आयोग त्यांच्या बाजूने गेला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजामाने 1000 पौंड देऊन त्यांचा प्रतिनिधीच बोलावला. लॉडर ब्रंटन आले, 1889 मध्ये दुसरा आयोग बसला, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष पुन्हा तोच निघाला.

तो अपुरा होता. 1911 मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली असताना हृदयाचे ठोके अचानक विस्कटून ते थांबू शकतं. हॅना ग्रीनरसारखे सुरुवातीच्या मिनिटांतले मृत्यू यातून समजतात. पण श्वासाकडे बघत राहा हा लॉरींचा आग्रह चुकीचा नव्हता. आम्हीही शिकलो ते छातीची हालचाल आधी पाहायलाच. हैदराबादच्या त्याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देण्यात तयार झाल्या. जगातल्या सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात, आणि ते आपल्या शाळांतून सांगितलं गेलं पाहिजे असं मला फार वाटतं.

13. उपकरणामुळेच अपघात झाले, असंही घडलं का?

घडलं. 1867 चा युंकरचा इनहेलर घ्या. रबरी फुगा दाबून क्लोरोफॉर्मच्या बाटलीत हवा सोडायची, बुडबुड्यांबरोबर वाफ रुग्णाकडे जायची. बाटलीला दोन नळ्या, दिसायला सारख्या. उलट जोडल्या की वाफेऐवजी द्रव क्लोरोफॉर्मच रुग्णाच्या घशात. सिलिंडरच्या काळात तीच चूक नव्या रूपात आली: ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइड जोडलं जाणं. म्हणून सिलिंडरना ठरलेले रंग आले (आपल्याकडे नायट्रस निळा, ऑक्सिजन काळा पण खांदे पांढरे) आणि 1950 च्या दशकात खिळ्यांची अशी रचना आली की चुकीचा सिलिंडर जागेवर बसतच नाही. रंग वाचायला डोळे जागे लागतात. खिळे दमलेल्या माणसालाही अडवतात.

14. थिएटरमध्ये अजूनही ‘बॉइल मशीन’ म्हणतात. बॉइल कोण?

लंडनचे एडमंड बॉइल. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ग्वाथमी यांच्या यंत्राच्या धर्तीवर ऑक्सिजन, नायट्रस ऑक्साइड आणि इथर एकाच जागी आणलं. पाण्याच्या काचेच्या भांड्यातून निघणारे बुडबुडे पाहून वायू किती जातो ते ठरवत. बाष्पपात्रं, प्रवाहमापक, व्हेंटिलेटर असं एकेक जोडत ते वाढलं. आज उभ्या असलेल्या यंत्रात बॉइलचं जवळजवळ काही उरलेलं नाही, पण वॉर्डबॉयपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे बॉइलच म्हणतात.

15. ‘भूल’ हा शब्द जुना की इंग्रजी शब्दाचं भाषांतर?

भाषांतर वाटत नाही. रानात वाट चुकवणारी भूल, जीव हरपून टाकणारी भूल, ही आपल्या बोलीत आहेच. मॉर्टनने आपल्या इथरला रंग आणि वास मिसळून ‘लेथिऑन’ नाव दिलं होतं, ग्रीक पुराणातल्या विस्मृतीच्या नदीवरून, आणि 12 नोव्हेंबर 1846 रोजी त्याचं पेटंटही मिळवलं. त्याच महिन्यात बॉस्टनचे डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ‘ॲनेस्थेशिया’ सुचवलं. त्याचा अर्थ संवेदना नसणं, म्हणजे आपलं ‘बधिरीकरण’. विस्मरणाचा अर्थ मात्र आपल्याच शब्दात राहिला.

16. 16 ऑक्टोबर 1846 चा म्हणून जो फोटो फिरतो तो खरा आहे का?

फोटो जुना आणि खरा, पण त्या दिवसाचा नाही. नंतर प्रसंग पुन्हा उभा करून तो घेतला आहे. काचेचा गोळा कसा धरत हे पाहायला तरीही उपयोगी.

17. जुन्या पेटीत इथर किंवा क्लोरोफॉर्मची भरलेली बाटली निघाली. काय करू?

उघडू नका, हलवू नका, वास घेऊ नका. हवा आणि उजेड लागून जुन्या इथरमध्ये पेरॉक्साइड नावाचे स्फोटक पदार्थ तयार होतात. बुचाभोवती पांढरे खडे दिसले तर झाकण फिरवण्याच्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. क्लोरोफॉर्म उजेडात राहून फॉस्जीन सोडतं, म्हणूनच त्याच्या बाटल्या गडद तपकिरी असत आणि त्यात थोडं अल्कोहोल घालत. खोली मोकळी करा, विस्तव आणि स्विच टाळा, अग्निशमन दलाला कळवा. जवळच्या कॉलेजातल्या रसायन विभागाचा सल्लाही घ्या.

रिकामी बाटली, जाळी, फुगा, मुखपट्टी यांना धोका नाही. पण पितळ घासून चकचकीत करू नका आणि लेबल पाण्याने धुऊ नका. जाळीच्या कडीत जुना पिवळा गॉज अडकलेला असेल तर तोही तसाच राहू द्या. पेटीसोबत तुमच्या आजोबांचा दवाखाना कुठल्या गावी होता आणि किती साली, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.